बियाची कणगी

आमच्या माणमधल्या जुन्या घरात माजघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात दोन कणग्या होत्या. एक खायच्या जोंधळ्याची, दुसरी बियाची. निरगुडीच्या फोकांनी विणलेल्या, शेणमातीनं लिंपलेल्या, दिसायला जुळ्या बहिणी. फरक एवढाच की खळं उरकलं की आजी बियाच्या कणगीचं तोंड लिंपून टाकायची आणि ते पेरणीच्या आदल्या दिवशीच फुटायचं. खळ्याआधी उभ्या पिकात हिंडून ती कणसं निवडायची. भरलेलं कणीस, टपोरा दाणा, ताठ ताट. ती वेगळी बडवायची, दाण्यांना ऊन दाखवायचं आणि कडुनिंबाच्या वाळल्या पाल्याच्या थरांत भरून ठेवायचं. कडधान्याच्या बियाला राख चोळायची. हे काम तिचं एकटीचं. पुरुषमाणूस त्यात पडत नसे.

१९७२ साली मी दहा वर्षांची होते. खायची कणगी दिवाळीआधीच तळाला गेली. वडील आणि चुलते दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. आम्हा पोरांना सुकडी मिळायची, घरात रेशनचा लाल मिलो यायचा. एका रात्री चुलत्यांनी बियाच्या कणगीचा विषय काढला. त्यांचंही चुकलं नव्हतं, घरात सात पोरं होती. आजी उठली, कणगीला पाठ लावून बसली आणि म्हणाली, "आज फोडशील, पोट भरंल. म्होरं काय पेरशील?"

बाहेर विहिरीला पाणी नव्हतं, आभाळात ढग नव्हता. आजीच्या त्या 'म्होरं'ला कसलाच आधार नव्हता. पण ती रात्रभर तिथून उठली नाही.

एकोणपन्नास वर्षांनी, २०२१च्या जून महिन्यात, तोच शब्द मला पुन्हा ऐकू आला. या वेळी रुग्णालयाच्या व्हरांड्यात, शहरी होऊन.

माझ्या भाचीला, ताईच्या मुलीला, एकोणतिसाव्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला. अंघोळ करताना हाताला गाठ लागली, आठवडाभरात बायॉप्सीचा कागद हातात आला. मोठ्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून सगळं नीट सांगितलं. आधी केमो, मग ऑपरेशन, मग रेडिएशन, आणि गाठ हार्मोनवर वाढणारी असल्यामुळे त्यानंतर पाच वर्षं, कदाचित दहा वर्षं, रोज एक गोळी. केस जातील, हे आम्हाला तिघांनी वेगवेगळं सांगितलं. विग कुठे मिळतो हेही एका सिस्टरनं सांगितलं. केसांबरोबर आणखीही काही जाऊ शकतं, आणि केस पुन्हा येतात तसं ते येईलच असं नाही, हे मात्र कुणी बोललं नाही. बोलू नये म्हणून नव्हे. घाई होती, बाहेर रांग होती, आणि मुलगी अविवाहित होती.

तिसऱ्या दिवशी फाईल घेऊन आलेली एक तरुण रेसिडेंट डॉक्टर व्हरांड्यात थबकली. भाचीपेक्षा वर्षा-दोन वर्षांनी लहानच असेल. "पुढे कधी मूल हवंसं वाटलं तर? त्याचा विचार आत्ताच करावा लागेल, केमोच्या आधी. कुणी बोललंय का तुमच्याशी?"

दाजी एकदम म्हणाले, "डॉक्टर, आधी पोर वाचू दे. बाकीचं राहू द्या." ताई पदरात तोंड झाकून रडायला लागली. मी गप्प होते, आणि त्या गप्पपणाची मला आजही लाज वाटते. भाची मात्र त्या मुलीकडे बघत म्हणाली, "किती दिवस लागतात?"

रात्री तिच्या खोलीत मी एकटीच सोबतीला होते. दिवा मालवल्यावर ती म्हणाली, "मावशी, त्या पुढे म्हणाल्या ना? तीन दिवसांत माझ्यासाठी हा शब्द पहिल्यांदा वापरला कुणीतरी."

हे वाक्य ऐकलं नसतं तर मी हा लेख लिहिला नसता. मुलाबाळांचा प्रश्न हा वाचण्याच्या प्रश्नानंतरचा, चैनीचा प्रश्न आहे असं आपण धरून चालतो. दाजींनी तेच धरलं होतं आणि बापाच्या काळजानं धरलं होतं. पण त्या खाटेवरच्या मुलीला हा प्रश्न विचारणं म्हणजेच तू वाचणार आहेस असं तिला सांगणं होतं. बाकी सगळे तिला आजाराविषयी सांगत होते. एका मुलीनं तिला आयुष्याविषयी विचारलं.

केमोआधी तिची बीजं काढून गोठवून ठेवायचं ठरलं. वेळ दोन आठवड्यांचा होता. पूर्वी यासाठी पाळीची वाट बघावी लागे आणि त्यात महिना जायचा. आता महिन्याच्या कुठल्याही दिवशी इंजेक्शनं सुरू करता येतात. दहा-बारा दिवस रोज पोटात सुई, दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी, बीजांडकोशातले फुगे किती वाढले याचं मोजमाप. हिची गाठ हार्मोनवर पोसणारी, म्हणून इस्ट्रोजेन चढू नये यासाठी सोबत लेट्रोझोलच्या गोळ्या. मग एक शेवटचं इंजेक्शन, तेही घड्याळ लावून, रात्री साडेदहाला. त्यानंतर सुमारे छत्तीस तासांनी भूल देऊन योनिमार्गातूनच बारीक सुईनं बीजं काढून घेतात. पोटावर टाका नाही. हिची अकरा निघाली, त्यातली नऊ पक्व होती. तीन दिवसांनी केमो सुरू झाली.

काचेपलीकडे बीजं ठेवायची टाकी आम्हाला दाखवली. झाकण उघडलं तसा पांढरा धूर काठावरून खाली सांडला. भाची म्हणाली, "अगं, हे तर गुरांच्या डॉक्टरांकडं असायचं तसलंच आहे!" खरंच होतं. लहानपणी ती सुट्टीला गावी यायची तेव्हा गाय माजावर आली की मोटरसायकलीवरून डॉक्टर यायचे. मागे बांधलेला तो अल्युमिनियमचा गड्डू, त्यातून निघणारा थंडगार धूर आणि धुरातून उचललेली बारीक नळी बघायला गल्लीतली सगळी पोरं जमायची. मणिभाई देसाईंनी उरुळी कांचनला १९६७ साली 'बाएफ' ही संस्था काढली आणि संकरित गाईंसाठी गोठवलेलं रेत शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेलं. महाराष्ट्रातल्या खेड्यांनी द्रव नायट्रोजन केव्हाच पाहिला आहे. उणे १९६ अंश. त्या थंडीत पेशीतलं सगळं थांबतं, काळसुद्धा.

ही विद्याही गुराकोंबड्यांपासूनच सुरू झाली. १९४९ साली लंडनजवळ पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स हे तिघे कोंबड्याचं रेत गोठवू बघत होते. बाटल्यांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली, साखरेच्या द्रावणाऐवजी ग्लिसरॉल पडलं आणि वितळल्यावर पेशी हलू लागल्या. चारच वर्षांत, १९५३ साली, गोठवलेल्या शुक्राणूंपासून स्त्रियांना गर्भ राहिले. स्त्रीबीजाला मात्र फार वाट पाहावी लागली. ते माणसाच्या शरीरातल्या सर्वांत मोठ्या पेशींपैकी, मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढं आणि पाण्यानं भरलेलं. गोठताना पाण्याचे स्फटिक होतात आणि आतली नाजूक मांडणी फाडतात. १९८६ साली ऑस्ट्रेलियात अॅडलेडला पहिलं यश आलं, पण ते विरळाच राहिलं. पुढे हळूहळू गोठवण्याऐवजी एका क्षणात थंड करायची पद्धत आली. तीत पाण्याला स्फटिक व्हायला सवडच मिळत नाही, बीज काचेसारखं थिजतं. अमेरिकेतल्या प्रजननतज्ज्ञांच्या संस्थेनं या पद्धतीवरचा 'प्रायोगिक' हा शिक्का २०१२ साली काढला. म्हणजे भाची दहा वर्षं आधी आजारी पडती, तर त्या रेसिडेंट मुलीला विचारायलाही फारसं काही नसतं.

आमच्याकडे पेरणीआधी आजी एक चाचणी करायची. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडून गुंडाळी करायची आणि कोंब किती आले ते मोजायची. गोठवलेल्या बीजाची अशी चाचणी नाही. ते कितपत चांगलं आहे हे ते वितळवल्याशिवाय कळत नाही, आणि वितळवलं की ते वापरायचंच. नऊ म्हणजे नऊ मुलं नव्हेत. काही वितळताना जातात, काही फळत नाहीत, काही रुजत नाहीत. त्या दवाखान्यातल्या समुपदेशिकेनं हे आम्हाला दोनदा समजावलं, याबद्दल मी तिची ऋणी आहे.

त्या दिवसांत मी खूप वाचलं. एका गोष्टीनं मला वेड लावलं. मुलीची सगळी बीजं ती आईच्या पोटात असतानाच तयार होतात. विसाव्या आठवड्याच्या गर्भात साठ-सत्तर लाख, जन्माच्या वेळी दहा-वीस लाख, वयात येताना तीन-चार लाख. त्यातली जेमतेम चारशे आयुष्यभरात बाहेर पडतात, उरलेली आपोआप विरून जातात. नवं एकही घडत नाही. म्हणजे उणे १९६ अंशात थांबलेली ती नऊ बीजं १९९२ साली ताईच्या पोटात घडली होती. आणि ज्या बीजापासून भाची झाली ते १९५९ साली आमच्या आईच्या पोटात, ताई अजून जन्मायची असताना. मी हे ताईला सांगितलं. ती बराच वेळ आपल्या पोटावर हात ठेवून बसली. त्यानंतर ती 'लोक काय म्हणतील' असं एकदाही बोलली नाही.

ताईला मूल उशिरा झालं, लग्नानंतर अकरा वर्षांनी. त्या अकरा वर्षांत तिला जे म्हटलं गेलं तो शब्द मी इथे लिहिणार नाही. प्रत्येक मराठी बाईला तो माहीत आहे. डोहाळजेवणाला तिला बोलावत नसत, बोलावलं तर ओटीला हात लावू देत नसत. दाजींची तपासणी करावी हे दहाव्या वर्षापर्यंत कुणाच्या डोक्यात आलं नाही. आपल्या परंपरेत बीज पुरुषाचं आणि बाई म्हणजे क्षेत्र, जमीन. पीक आलं नाही तर जमीन नापीक. पण मराठीनं शास्त्र शिकताना एक शब्द घडवला, स्त्रीबीज. शाळेच्या पुस्तकात आपण तो पाठ करतो आणि त्यात काय उलथलं आहे हे लक्षात येत नाही. सस्तन प्राण्यातलं ते बीज प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिलं गेलं ते १८२७ साली, कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर यांनी कुत्रीच्या शरीरात. त्याआधीची हजारो वर्षं बाई नुसती जमीन होती. माझी आजी शाळेत गेली नव्हती, पण घरातलं बी बाईच्या ताब्यात असतं हे तिला माहीत होतं.

उपचारांच्या काळात आम्ही एकदा दुसरं मत घ्यायला मुंबईला परळला गेलो. टाटा रुग्णालयात नंबर लागायला वेळ होता म्हणून मी बाहेर पडले आणि चालत चालत के.ई.एम.च्या दारापाशी पोचले. दोन्ही रुग्णालयं हाकेच्या अंतरावर. एकात १९४१ सालापासून देशभरातले कर्करोगी येतात. दुसऱ्यात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून हर्षा जन्मली, भारतातली पहिली 'टेस्ट ट्यूब बेबी' म्हणून. मधला रस्ता किती लहान आणि तो ओलांडायला आपण किती वर्षं घेतली, हे मला फुटपाथवर उभं असताना वाटत राहिलं.

हर्षाच्या आठ वर्षं आधी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून एक मुलगी जन्मली होती. जगातल्या पहिल्या अशा बाळानंतर केवळ ७० दिवसांनी. दुर्गापूजेच्या दिवसांतली म्हणून तिला दुर्गा म्हणत. साध्या साधनांनिशी त्यांनी केलेली गोष्ट आजही थक्क करते, कारण त्यांनी गर्भ गोठवला होता. इंजेक्शनांनी ढवळलेल्या गर्भाशयात तो लगेच सोडण्यापेक्षा थांबावं, गर्भाशय शांत झाल्यावर पुढच्या एखाद्या पाळीत सोडावा, असा त्यांचा विचार होता. त्रेपन्न दिवस तो गर्भ थंडीत राहिला. जगात इतर कुणाला गोठवलेल्या गर्भापासून मूल होण्याला १९८४ साल उजाडलं. राज्य सरकारनं नेमलेल्या समितीनं मात्र त्यांचं म्हणणं उडवून लावलं. परदेशी जाऊन काम मांडायची परवानगी मिळाली नाही, बदली झाली ती डोळ्यांच्या विभागात. १९ जून १९८१ रोजी त्यांनी आयुष्य संपवलं. १९९७ साली आनंद कुमार यांनी त्यांची टिपणं वाचली आणि जाहीरपणे लिहिलं की पहिलेपणाचा मान मुखोपाध्यायांचा आहे. तो मान तोवर स्वतः आनंद कुमार यांच्या नावावर होता. विज्ञानाच्या इतिहासात इतकी स्वच्छ गोष्ट मला फार ठिकाणी सापडलेली नाही.

बीज गोठवलं की काळ थांबतो, माणसांचा थांबत नाही. पुण्यातल्या एका आईची गोष्ट २०१८ साली सगळ्यांनी वाचली असेल. मुलगा जर्मनीत शिकायला गेला, मेंदूत गाठ निघाली. तिथल्या डॉक्टरांनी केमोआधी त्याचं वीर्य जपून ठेवायला सांगितलं. २०१६ साली तो गेला. आईनं ते भारतात आणलं आणि दीड वर्षात तिच्या मांडीवर जुळी नातवंडं होती. मी ती बातमी कापून ठेवली होती, तेव्हा आपल्याच घरी हा विषय येईल असं स्वप्नातही नव्हतं. २०२४ साली दिल्ली उच्च न्यायालयानं अशाच एका आईवडिलांना त्यांच्या मृत मुलाचं जपलेलं वीर्य द्यायला रुग्णालयाला सांगितलं. ब्रिटनमध्ये उलट घडलं. बीजांडकोश काढावे लागणार म्हणून एका स्त्रीनं जोडीदारासोबत सहा गर्भ गोठवले. नातं तुटलं, त्यानं संमती काढून घेतली, आणि २००७ साली युरोपच्या मानवी हक्क न्यायालयातही ती हरली. तिच्यापुरता दुसरा मार्ग उरला नव्हता. म्हणून विवाहित मुलींनाही मी सांगेन, गर्भाबरोबर थोडी बीजं वेगळीही ठेवा, ती तुमची एकटीची असतात.

मुलग्यांचं काम किती सोपं, एका सकाळचं! तरीही कितीतरी तरुण मुलं केमोच्या खुर्चीत बसतात तोवर त्यांना कुणी विचारलेलं नसतं, कारण बापासमोर हा विषय काढायचा कसा? बापाला बाहेर पाठवा आणि विचारा. वयात न आलेल्या मुलींची बीजं पक्व करून काढता येत नाहीत. त्यांच्या बीजांडकोशाचा तुकडाच दुर्बिणीनं काढून गोठवतात आणि पुढे परत बसवतात. अशा तुकड्यापासून पहिलं मूल २००४ साली ब्रुसेल्समध्ये जन्मलं, त्या आईचा तुकडा सात वर्षं थंडीत होता. ओटीपोटावर रेडिएशन असेल तर बीजांडकोश वर सरकवून किरणांच्या वाटेतून बाजूला घेता येतात. काहीच जमत नसेल तर केमोच्या काळात बीजांडकोश निजवून ठेवणारं इंजेक्शन असतं, त्यानं काहीसं रक्षण होतं. आणि कुणाला यातलं काहीच नको असेल, तर तेही तिचंच. फक्त विचारलं गेलं पाहिजे, पहिल्याच भेटीत, तिला स्वतःला.

आता हिंजवडीतल्या, खराडीतल्या मुलीही हेच करून घेतात, आजार नसताना. भाचीच्या दोन मैत्रिणींनी केलं. फेसबुक आणि अॅपलनं २०१४ साली कर्मचाऱ्यांना यासाठी पैसे द्यायचं जाहीर केलं तेव्हा मला राग आला होता. नोकरीनं बाईच्या वयाशी जमवून घ्यायचं, की बाईनं आपलं वय नोकरीसाठी टाकीत ठेवायचं? राग अजून आहे, पण तो त्या मुलींवर नाही. मनासारखा जोडीदार मिळाला नाही म्हणून थांबलेली मुलगी चुकत नाही. जाहिराती चुकतात. 'विमा' म्हणतात त्या. विम्यात ठरलेली रक्कम मिळते, इथे शक्यता मिळते. ती शक्यताही वयावर ठरते. पस्तिशीच्या आत ठेवलेल्या बीजाला आणि चाळिशीत ठेवलेल्या बीजाला थंडी सारखीच लागते, पण मुळातलं बी सारखं नसतं. शिवाय टाकीत बीजाचं वय थांबतं, जिच्या पोटात ते वाढायचं तिचं नाही. आणि आपल्या २०२१च्या कायद्यानं साठवणीला दहा वर्षांची हद्द घातली आहे. पंचविशीत ठेवणाऱ्या मुलीला ती पस्तिशीतच गाठते. ही हद्द कर्करोगातून उठलेल्या मुलींसाठी तरी वाढवावी असं मला मनापासून वाटतं. कितीतरी जणींची पाच-सात वर्षं गोळ्यांतच जातात.

भाची आता तेहेतिशी ओलांडून पुढे गेली आहे. केस आले, पहिल्यापेक्षा कुरळे. २०२३ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. हार्मोनची गोळी दीड-अडीच वर्षं घेतल्यावर तरुण स्त्रियांनी गरोदरपणासाठी दोन वर्षांपर्यंत ती थांबवली, तर तेवढ्या काळात तरी आजार उलटण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. तिनं तो डॉक्टरांपुढे ठेवला. त्यांचं बोलणं चालू आहे. जोडीदार आहे, त्याला सगळं माहीत आहे. दर जूनमध्ये टाकीच्या भाड्याचा निरोप येतो. ते भाडं दाजी भरतात, कुणाला भरू देत नाहीत. पावत्या त्यांनी सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवल्या आहेत.

मागच्या संक्रांतीला ती माझ्याकडे आली होती. वाणवशातला हुरडा सोलता सोलता एकदम म्हणाली, "मावशी, पणजीची ती कणगी. पुढच्या वर्षी फोडली ना? सगळं उगवलं?"

मी आठवू लागले. १९७३ला पाऊस झाला. भाद्रपदात आजीनं लिंपण फोडलं, कडुनिंबाचा उग्र वास माजघरभर पसरला. पाभरीमागे मी चालत होते. आठवड्यानं रान हिरवं दिसायला लागलं, पण मध्येमध्ये रिकामं.

"सगळं नाही उगवलं," मी म्हटलं. "नांग्या पडल्या होत्या. राखलेलं बी होतं, ते घेऊन आजी आणि मी नांग्या भरत हिंडलो."

"आणि तरी नाही उगवलं तिथं?"

"तिथं आजीनं करडई टोकली."